वुडलाउसच्या डब्यात नर जवळजवळ नाहीतच, आणि दोघांवर दोन्ही लिंगांच्या खुणा

सावईवेरे_कुळागर

कुळागरातल्या (पोफळी-नारळाच्या बागेतल्या) शेणखताच्या खड्ड्याच्या कडेला, चिऱ्यांच्या फटींत आणि कुजलेल्या झावळ्यांखाली मिळणारे वुडलाउस (ओलसर जागी राहणारे, खेकड्यांच्या नात्यातले छोटे कवचधारी) दोन डब्यांत वाढवले आहेत. अंग करडे, त्यावर निळसर भुकटी लावल्यासारखी. धक्का लागला की गोळा होत नाहीत, भर्रकन पळतात. मोठ्यात मोठा ११ मिलिमीटर, पायांच्या सात जोड्या. वर्णनावरून पोर्सेलिओनायडीस प्रुइनोसस वाटतो.

चवथीनंतर दोन्ही डबे उपसून मोजणी केली. एकूण ४६. त्यांत ४१ माद्या, ३ नर, आणि २ असे की नराच्या सुया (पोटाखालची लांब, टोकदार पाती) दिसतात पण त्या अर्ध्याच लांबीच्या. शिवाय पाचव्या पायांच्या बुडाशी मादीसारखी छिद्रेही आहेत. डबे मंगलोरी कौलांखालच्या खोलीत आहेत. मे महिन्यात तिथे दुपारी ३४ अंशांपर्यंत तापमान जाते.

हा परजीवीचा परिणाम की मोजणीतली चूक? परजीवी असेल तर घरच्या घरी कितपत खात्री करता येते? अँटिबायोटिक देऊन नर-मादींचे प्रमाण जागेवर आणावे का? आणि एक प्राणी बाकीच्यांपेक्षा फारच गडद, जांभळ्याकडे झुकणारा निळा आहे. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

---

म्हापसा_प्राणिशास्त्र

वर्णन नीट दिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. आधी मोजणीकडे वळू, कारण लहान नर मादीत धरला जाणे ही इथली सगळ्यात नेहमीची चूक.

पिल्लू आईच्या पिशवीतून बाहेर येते तेव्हा त्याला पायांच्या सहाच जोड्या असतात. सातवी जोडी नंतर कात टाकताना येते, आणि नराची खूण त्याहूनही बरीच उशिरा स्पष्ट होते. त्यामुळे 'सुया नाहीत म्हणजे मादी' हा नियम फक्त मोठ्या प्राण्यांनाच लावायचा. तुमच्या जातीत ६ मिलिमीटरपेक्षा लहान जे काही असेल ते मोजणीतून सरळ वगळा. ४१ पैकी किती त्याहून लहान होते ते आधी सांगा.

आता बघायचे कसे. प्राणी कोरड्या डबीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच मिनिटे ठेवा. फ्रीझरमध्ये नको, तिथे मरतो. गारठून मंद झाला की पारदर्शक, पातळ तळाच्या डबीत ठेवायचा आणि वरून ओला, मऊ स्पंज हलक्या हाताने टेकवायचा. पोट तळाला चिकटते, पाय आपोआप बाजूला पसरतात. मग डबी वर उचलून खालून बघायचे. उजेड बाजूने, तिरका हवा. समोरून टॉर्च मारला तर ओले पोट चकाकते आणि काहीच दिसत नाही. नर-मादी ओळखायला १० पट भिंग पुरते, पाचव्या पायांजवळची छिद्रे बघायला २० ते ३० पट लागते. दोन मिनिटांत प्राणी परत हलू लागतो, म्हणून आधी फोटो, मग निरीक्षण.

सातव्या पायांच्या मागे पोटपायांच्या पाच जोड्या कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या असतात. नरात पहिल्या दोन जोड्यांची आतली पाती लांब होऊन टोकदार सुयांसारखी मधल्या रेषेलगत मागे जातात, आणि त्यांच्या बुडाशी मधोमध एक छोटा शंकू असतो. मादीत त्या जागी आखूड, रुंद पातीच असतात. मादीची जननछिद्रे पाचव्या खंडाच्या खालच्या बाजूला, पायाच्या बुडाच्या आतल्या अंगाला. म्हणजे दोन्ही खुणा दोन वेगळ्या ठिकाणी आहेत, दोन्ही ठिकाणे बघितल्याशिवाय 'आंतरलिंगी' म्हणू नये.

फसवणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, कात. वुडलाउस कात दोन टप्प्यांत टाकतो, आधी मागचे अर्धे शरीर आणि काही दिवसांनी पुढचे. मागचे अर्धे नुकतेच टाकलेले असेल तर सुया मऊ, पारदर्शक असतात आणि 'अर्ध्या' वाटतात. चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा. दुसरी, मोडलेली सुई. मोडलेली टोकाशी बोथट असते, अपुरी वाढलेली बारीक होत संपते. तिसरी, डावी बाजू नर आणि उजवी मादी असा प्राणी. तो पेशींच्या विभागणीतल्या चुकीतून घडतो, त्याचा परजीवीशी संबंध असेलच असे नाही. तुमच्या दोघांत दोन्ही बाजू सारख्या आहेत का?

आणखी एक, पुष्कळ जण यावरून घाबरतात. पुढच्या खंडांच्या खाली, पोटाकडून दिसणारे दुधी पांढरे ठिपके म्हणजे परजीवी नव्हेत. कात टाकण्याआधी जुन्या कवचातले कॅल्शियम तिथे साठवलेले असते. मादीची पिल्लांची पिशवी मात्र पिवळसर, फुगीर असते आणि दुसऱ्या ते पाचव्या पायांच्या मध्ये पसरते.

गडद निळ्याचे उत्तर वेगळे. तुमच्या जातीची निळसर भुकटी वरवरची असते, ओल्या ब्रशने पुसली की खाली करडा रंग दिसतो. पुसून जात नाही, पोटाकडूनही निळा-जांभळा चमकतो, आणि प्राणी सुस्त आहे, असे असेल तर तो इरिडोव्हायरस. विषाणूचे कण पेशींत स्फटिकासारखे रांगेने बसतात आणि प्रकाशामुळे तो रंग दिसतो. त्याचा लिंगाशी संबंध नाही, पण तो जीवघेणा आहे आणि मेलेल्याला बाकीचे खातात तेव्हा पसरतो. तो प्राणी आजच बाजूला काढा.

---

सावईवेरे_कुळागर

६ मिलिमीटरपेक्षा लहान ९ होते, ते वगळले. आता ३२ माद्या, ३ नर, २ संशयित. संशयितांच्या दोन्ही बाजू सारख्या, सुया टोकाला निमुळत्या, आठवड्यानेही तशाच. निळा रंग पुसून गेला नाही, प्राणी वेगळा केला आहे.

---

पोफळीखालचा_अभ्यासक

मग वोल्बाकिया या परजीवी जिवाणूचा विचार करायलाच हवा.

वुडलाउसमध्ये नर घडतो तो एका ग्रंथीमुळे. तिचे नाव अँड्रोजेनिक ग्रंथी. एलेन शार्निओ-कोताँ या फ्रेंच संशोधिकेने १९५४ साली ती ऑर्केस्टिया या किनाऱ्यावर उड्या मारणाऱ्या कवचधाऱ्यात शोधली. वुडलाउसमध्ये ही ग्रंथी वृषणाच्या टोकांना चिकटलेली असते आणि प्रथिनाच्या जातीचे एक संप्रेरक सोडते. १९९९ साली त्याची रचना उलगडली. हे संप्रेरक मिळाले की नर, नाही मिळाले की मादी. कोवळ्या मादीत ही ग्रंथी रोवली तर ती कामाचा नर होते. गुणसूत्रे पहिली दिशा दाखवतात, पण पुढचे सगळे काम या एका निरोपावर चालते. निरोप मध्येच अडवला की गुणसूत्रे नराची असूनही प्राणी मादी होतो.

वोल्बाकिया नेमके हेच करतो. हा पेशींच्या आत राहणारा जिवाणू. हर्टिग आणि वोल्बाक यांनी १९२४ मध्ये तो क्युलेक्स डासात पहिल्यांदा पाहिला. अंड्यातून तो पुढच्या पिढीत जातो, शुक्रजंतूतून जात नाही, कारण त्यात त्याला जागाच नसते. म्हणजे नरात शिरलेला वोल्बाकिया तिथेच संपतो. त्याच्या दृष्टीने नर म्हणजे बंद रस्ता, म्हणून तो नराची मादी करतो.

याचे बारकावे सगळ्यात जास्त तपासले गेलेत ते आर्माडिलिडियम व्हल्गारे या गोळा होणाऱ्या जातीत, फ्रान्समधल्या पॉइतिए विद्यापीठात. त्या जातीत लिंग-गुणसूत्रांची जोडी मादीत झेडडब्ल्यू आणि नरात झेडझेड असते. वोल्बाकिया असलेले झेडझेड पिल्लू ग्रंथी घडवतच नाही, अंडाशय घडवते आणि पुढे पिल्लेही देते. अशा मादीचा संकर साध्या नराशी झाला की दोन्ही बाजूंनी झेडच येतो. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले की डब्ल्यू गुणसूत्र त्या वस्तीतून नाहीसे होते, आणि कोण मादी होणार हे फक्त कुणाला जिवाणू पोचला यावर ठरते. ज्यांना पोचत नाही ते नर. तुमचे तीन नर बहुधा असे 'सुटलेले'. तुमच्या पोर्सेलिओनायडीस प्रुइनोससमध्येही मादीकरण करणारा वोल्बाकिया आहे हे सिद्ध झालेले आहे, आणि माद्यांचा असा भरणा त्या जातीत नवा नाही.

आंतरलिंगी मिळतात ते काम अर्धवट झाल्याने. जिवाणू शरीरात उशिरा वाढला किंवा कमी संख्येने राहिला की ग्रंथी थोडी काम करून बसते आणि मगच अडते. त्यांचे साधारण दोन प्रकार. एकात शरीर मुळात मादीचे, सुया थोड्या वाढलेल्या, अंडाशय चालू, पिल्ले होऊ शकतात. दुसऱ्यात शरीर मुळात नराचे, पण पाचव्या खंडावर मादीची छिद्रे आणि आत अँड्रोजेनिक ग्रंथी प्रमाणाबाहेर सुजलेली. ग्रंथी ओरडते आहे, पण ऐकणारे कुणी नाही, कारण संप्रेरकाला उतींचा प्रतिसादच बंद पडलेला असतो. हा प्रकार वांझ असतो. तुमचे दोघे कुठल्या गटातले ते बाहेरून पक्के ठरत नाही. वेगळे ठेवून पिशवी धरते का बघा.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर प्रत्येक मादीबहुल डबा वोल्बाकियाच्या नावावर जाईल. आर्माडिलिडियममध्ये डब्ल्यूडब्ल्यू माद्याही जगतात, आणि त्यांची सगळी पिल्ले जिवाणूशिवाय माद्याच निघतात. शिवाय वोल्बाकियाच्या जनुकसंचाचा सुमारे ३० लाख बेस जोड्यांचा तुकडा वुडलाउसच्याच गुणसूत्रात जाऊन बसल्याचे २०१६ मध्ये दाखवले गेले. त्याला 'एफ घटक' म्हणतात. जिवाणू नाही, पण त्याचा वारसा मादीकरण करतोय. म्हणजे एक जुना परजीवी नवे लिंग-गुणसूत्र होऊन बसला. या एका गोष्टीसाठी वुडलाउसकडे जितके लक्ष द्यावे तितके थोडे आहे.

अँटिबायोटिकबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: देऊ नका. 'प्रमाण जागेवर येईल' हा समज चुकीचा आहे. तुमच्या माद्या जर झेडझेड असतील तर जिवाणू गेल्यावर त्यांची पिल्ले अर्धी-अर्धी होणार नाहीत, सगळीच्या सगळी नर होतील. डब्यात मादी घडवणारी एकमेव गोष्ट तो जिवाणूच आहे, तो काढला की दोन पिढ्यांत वस्ती संपेल. त्यातून टेट्रासायक्लिन डब्यात टाकले तर कुणाच्या पोटात किती गेले याचा हिशोब राहत नाही, पचनाला मदत करणारे जिवाणू मरतात, आणि ती माती शेवटी कुळागरात जाते.

माणसाला यापासून धोका नाही. वोल्बाकिया पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत राहत नाही. खतही बेलाशक वापरा.

---

खाजन_आणि_खेकडे

मूळ विषयाला जोडून थोडेसे. अँड्रोजेनिक ग्रंथीची ही वाट आणखी एका परजीवीला सापडली आहे, आणि तो मासळीबाजारात डोळ्यांना दिसतो. सॅक्युलिना. नात्याने बार्नॅकल (खडकांना चिकटून राहणारा कवचधारी), पण खेकड्याच्या अंगात मुळांसारखा पसरतो आणि शेपटाखाली गुळगुळीत, पिवळसर पिशवी बाहेर काढतो. नर कुर्लीची ग्रंथी तो मारतो. मग पुढच्या काती टाकताना नराचे अरुंद, त्रिकोणी शेपूट मादीसारखे रुंद होत जाते आणि तो ती पिशवी स्वतःच्या अंड्यांसारखी सांभाळतो. खरी अंडी दाणेदार असतात आणि पोटपायांच्या केसांना लगडतात. सॅक्युलिनाची पिशवी एकसंध असते आणि एका देठाने चिकटते. वोल्बाकियाने केलेली मादी पिल्ले देते, सॅक्युलिनाने केलेली कधीच देत नाही. तिला फक्त परजीवीची पिल्ले वाढवायची असतात.

---

सावईवेरे_कुळागर

समजले. मग मे महिन्यातल्या उकाड्याने ते दोघे तसे झाले असतील का? आणि औषध न देता खात्री कशी करायची?

---

पोफळीखालचा_अभ्यासक

उकाडा हा माझ्याही मनातला पहिला संशयित. आर्माडिलिडियममध्ये ३० अंश आणि वर दीर्घकाळ ठेवले की वोल्बाकियाची संख्या घटते आणि त्यानंतरच्या पिल्लांत नर व आंतरलिंगी वाढतात. एका दुपारी ३४ गेल्याने काही होत नाही, रोजची रात्रही गरम राहिली तर होते. कौलांखाली, कपाटावर ठेवलेला डबा आणि जमिनीवर, भिंतीलगत ओल्या गोणपाटात गुंडाळलेला डबा यांत सहज चार-पाच अंशांचा फरक पडतो. कमाल-किमान थर्मामीटर डब्याच्या आत, मातीच्या पातळीला ठेवा. खोलीचे तापमान इथे कामाचे नाही. तुमच्या संशयितांची अंडी कुठल्या महिन्यातली हे ठाऊक नसल्यामुळे त्या दोघांबद्दल एवढेच म्हणता येईल की हे शक्य आहे.

खात्री करायची ती पिल्लावळीवरून, डब्याच्या एकूण मोजणीवरून नव्हे. डब्यात कोण कुणाचे हे कळत नाही. एकाच मादीची ३० पिल्ले असतील तर ती ३० वेगळी निरीक्षणे नव्हेत, आणि मेलेले आधीच खाऊन संपलेले असतात.

पिशवी भरलेल्या सहा-आठ माद्या निवडा. प्रत्येकीला जेवणाच्या लहान डब्याएवढा डबा. तळाला ३ सेंटिमीटर माती, वर फणसाची किंवा आंब्याची कुजलेली पाने, चिऱ्याचा एक तुकडा लपायला. एक तृतीयांश बाजू कायम ओली, बाकी कोरडी. पूर्ण डबा ओला केला तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते आणि पिल्ले पानांच्या पाठीवर चिकटून मरतात. झाकणाला आठ-दहा बारीक भोके. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी आणि कॅल्शियमला गरीब, तिच्यावर विसंबलात तर पिल्ले कात टाकताना अर्ध्यात अडकतात. समुद्रफेसाचा नखाएवढा तुकडा किंवा तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा हमखास ठेवा.

पिल्ले बाहेर पडली की त्याच दिवशी मऊ, ओल्या ब्रशने मोजा आणि आईला दुसऱ्या डबीत हलवा. हा पहिला आकडा फार मोलाचा. वोल्बाकिया सगळीकडे एकच युक्ती वापरत नाही. आपल्याकडच्या बागांत दिसणाऱ्या ग्रेट एगफ्लाय फुलपाखरात त्याचा एक प्रकार नर-अंडीच मारतो, तिथे पिल्लावळ निम्मी भरते आणि उरलेल्या सगळ्या माद्या. वुडलाउसमधल्या मादीकरणात संख्या पूर्ण भरते, पण माद्याच जास्त. सुरुवातीचा आकडा नसेल तर नर मेले की नराच्या माद्या झाल्या, हे नंतर कुठल्याही भिंगाने कळणार नाही.

एका डब्यात पंधरापेक्षा जास्त पिल्ले ठेवू नका. दाटी झाली की कात टाकणाऱ्याला बाकीचे कुरतडतात. दोन-तीन महिन्यांनी सगळी ६ मिलिमीटरपुढे गेली की वर सांगितल्याप्रमाणे लिंग बघा. समान प्रमाण असताना ३० पैकी २५ किंवा जास्त माद्या निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता सहा हजारांत एकाच्या आसपास. त्यामुळे एक भरघोस पिल्लावळसुद्धा बरेच सांगते. सहा आयांपैकी काहींची पिल्लावळ समसमान आणि काहींची जवळपास सगळी मादी असा फरक दिसला तर वस्तीत दोन्ही प्रकारच्या माद्या आहेत, आणि ते निरीक्षण सगळ्यांत मोलाचे.

यातली हमखास चूक: 'ही मादी एकटी होती, म्हणून पुढची पिल्लावळ नराशिवाय झाली' असे समजणे. मादी शुक्रजंतू साठवून ठेवते आणि पुढच्या पिल्लावळींना वापरते. कुमारी मादी हवी असेल तर ती वयात येण्याआधीच वेगळी काढलेली हवी.

ते तीन नर नीट जपा. एक नर अनेक माद्यांना पुरतो, पण आर्माडिलिडियममध्ये नर जन्मजात माद्यांना वोल्बाकियाने केलेल्या माद्यांपेक्षा पसंती देतो असे दिसले आहे. त्यामुळे माद्यांच्या दोन गटांतली पिल्लांची तफावत थोडी यामुळेही येऊ शकते. चाचणी संपेपर्यंत दुसऱ्या कुळागरातले नर आणून मिसळू नका.

---

म्हापसा_प्राणिशास्त्र

शेवटचा टप्पा पीसीआर, म्हणजे जिवाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो आहे का हे बघणारी चाचणी, आणि तो कॉलेजच्या साध्या मॉलिक्युलर लॅबमध्ये होण्यासारखा आहे. नमुने मात्र बिघडतात ते घरीच, म्हणून लिहितो.

जिवंत प्राणी थेट ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये. प्राणी एक भाग असेल तर इथेनॉल निदान दहा भाग, आणि दुसऱ्या दिवशी एकदा बदलायचे, कारण अंगातले पाणी ते पातळ करते. फेणी चालणार नाही, तिच्यात अल्कोहोल साधारण ४२ टक्के, डीएनए टिकत नाही. हँड सॅनिटायझरही नको. मेलेला सापडलेला प्राणी घेऊ नका. एका नळीत एकच प्राणी, आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहून नळीच्या आत. बाहेरची शाई इथेनॉलने धुऊन जाते.

वोल्बाकियासाठी त्याच्या डब्ल्यूएसपी जनुकाची ८१एफ आणि ६९१आर ही प्रायमरची (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) जोडी वर्षानुवर्षे वापरात आहे, पट्टा सुमारे ६०० बेस जोड्यांचा येतो. सोबत वुडलाउसच्या स्वतःच्या सीओआय जनुकाचा पीसीआर करायलाच हवा. तो आला आणि डब्ल्यूएसपी आला नाही तरच 'वोल्बाकिया नाही' म्हणायचे. दोन्ही आले नाहीत तर डीएनएच खराब आहे. नुसते पाय वापरले तर जिवाणू कमी असतात आणि उत्तर खोटे नकारार्थी येऊ शकते. अंडाशय सगळ्यात भरवशाचे.

आतडे मात्र काढून टाका. वुडलाउस मेलेल्या सोबत्यांना आणि टाकलेल्या काती खातात, त्यामुळे निरोगी नराच्या पोटातही दुसऱ्याचा वोल्बाकिया सापडतो. प्राणी उताणा टोचून, दोन्ही कडांनी कात्रीने काप देऊन पोटाकडचे कवच उचलले की मधोमध सरळ, गडद नळी दिसते ती आतडे. शेपटाकडून चिमट्याने धरून सावकाश ओढली तर अखंड निघते. तिच्या दोन्ही अंगांना असलेल्या पिवळसर, पीळदार नळ्या पचनग्रंथीच्या. मादीत त्यांच्याजवळ पिवळ्या-नारिंगी पट्ट्यांसारखे अंडाशय, नरात प्रत्येक बाजूला तीन पांढरी, निमुळती वृषणे. तुमच्या दोन संशयितांपैकी एखादा आपोआप मेला तर तासाभरात उघडा आणि त्या तीन निमुळत्या टोकांचा फोटो इथे टाका. तिथे ग्रंथी सुजलेली दिसली तर तो दुसऱ्या, म्हणजे वांझ गटातला.